बाकड्यावर भरणारा दम

२ सप्टेंबर १९७२. माँट्रियलच्या फोरममध्ये प्रेक्षक खचाखच भरलेले आणि आत इतका उकाडा, की खाली बर्फ अंथरला आहे हे सांगूनही खरे वाटू नये. एका बाजूला कॅनडाचे, म्हणजे नॅशनल हॉकी लीग ऊर्फ एनएचएलमधले पगारी तारे. दुसऱ्या बाजूला कागदोपत्री हौशी असलेले सोव्हिएत खेळाडू. तिसाव्या सेकंदाला फिल एस्पोझिटोने गोल केला, साडेसहा मिनिटांत २-० झाले. आठ सामन्यांच्या या मालिकेत सोव्हिएत संघ एकही सामना जिंकणार नाही, असे भाकीत अनेक पत्रपंडितांनी आधीच वर्तवले होते. ‘ग्लोब अँड मेल’चे स्तंभलेखक डिक बेडोझ यांनी तर सोव्हिएत एक जरी सामना जिंकले तर स्वतःचा स्तंभ खाऊन दाखवीन अशी पैज लावली होती.

मग यजमानांच्या छातीचा भाता जोरजोराने हलू लागला. पहिला पिरियड संपेपर्यंत २-२. दुसऱ्यात वालेरी खारलामोव्हने दोन गोल चढवले. सामना संपला तेव्हा फलकावर ७-३ होते आणि सात सोव्हिएतांचे. बेडोझ यांना आपला स्तंभ बोर्श्ट सूपमध्ये कुस्करून खावा लागला.

कॅनडाच्या खेळाडूंना पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, मारता येत नव्हता, असे त्या रात्रीनंतर कोणी म्हटले नाही. बोलणे झाले ते त्यांच्या दमाबद्दल. त्या काळी एनएचएलचे खेळाडू उन्हाळा मासेमारीत, गोल्फमध्ये किंवा एखाद्या जोडधंद्यात घालवत आणि अंगावर चढलेले मांस हंगामाआधीच्या शिबिरात उतरवत. या मालिकेसाठीचे शिबिर भरले ऑगस्टच्या मध्यावर, म्हणजे जेमतेम तीन आठवडे आधी. समोरचा संघ अनातोली तारासोव्ह यांच्या तालमीतून निघालेला होता. ते स्वतः तोवर राष्ट्रीय संघापासून दूर झाले होते, पण पद्धत त्यांचीच राहिली : जवळपास वर्षभर सराव, बर्फ नसेल तेव्हा मैदानात धावणे, उड्या, वजने, फुटबॉल. कॅनडाने ती मालिका पुढे मॉस्कोत जिंकली, शेवटच्या सामन्यात ३४ सेकंद उरले असताना पॉल हेंडरसनने केलेल्या गोलवर. पण तोवर चार आठवडे गेले होते, आणि त्या चार आठवड्यांत कॅनडाच्या खेळाडूंची शरीरेही सामन्यांच्या लायकीची झाली होती.

माँट्रियलच्या त्या संध्याकाळपासून आइस हॉकीत एक वाद चालू आहे, आणि पन्नास वर्षे उलटली तरी तो मिटलेला नाही. पाऊण मिनिट जिवाच्या आकांताने स्केटिंग करून बाहेर येणाऱ्या खेळाडूला लांब पल्ल्याच्या धावपटूसारखी ऑक्सिजन वापरण्याची क्षमता हवी कशाला? एक पक्ष म्हणतो, हवीच. दुसरा म्हणतो, त्यात घालवलेला वेळ वाया, त्यापेक्षा मांड्यांना ताकद द्या. दोन्ही पक्ष बर्फाकडे टक लावून बसले आहेत. खेळाडूच्या दमाचा हिशेब लागतो तो कठड्याच्या अलीकडे, बाकड्यावर.

आपल्याकडे हॉकी म्हटले की निळे टर्फ डोळ्यांपुढे येते, त्यामुळे थोडे गणित सांगणे भाग आहे. आइस हॉकीत गोलरक्षक धरून एका वेळी सहा जण बर्फावर असतात. सामना २० मिनिटांच्या तीन पिरियडचा, आणि खेळ थांबला की घड्याळही थांबते. एनएचएलमध्ये संघातर्फे २० जण गणवेश चढवतात : दोन गोलरक्षक आणि १८ स्केटर. आक्रमकांच्या तिघातिघांच्या चार फळ्या, बचावपटूंच्या तीन जोड्या. खेळ चालू असतानाच एक फळी बाहेर येते आणि दुसरी कठडा ओलांडून आत उतरते. बर्फावरच्या एका खेपेला शिफ्ट म्हणतात. आज ती साधारण ४५ सेकंदांची असते. त्यानंतर दोन ते चार मिनिटे विश्रांती. आक्रमक साठ मिनिटांतली पंधरा ते वीस मिनिटे बर्फावर काढतो, मातब्बर बचावपटू पंचवीसच्या आसपास. बाकीचा वेळ बसून, घाम पुसत, पाणी पीत.

पूर्वी असे नव्हते. खेळाच्या आरंभीच्या काळात सात जण उतरत आणि तेच सातजण शेवटपर्यंत खेळत. साहजिकच जोर राखून खेळत. बदलीची मुभा वाढत गेली तसा वेग वाढला आणि शिफ्ट आखूड होत गेली. १९७६ मध्ये वॉटर्लू विद्यापीठाचे हॉवर्ड ग्रीन यांनी विद्यापीठ संघांच्या सामन्यांचा घड्याळ लावून अभ्यास केला, तेव्हा एका शिफ्टमधला खेळ सरासरी ८५ सेकंदांचा भरला होता आणि बर्फावर असताना नाडी मिनिटाला १७० च्या वर जात होती. म्हणजे दोन पिढ्यांत शिफ्ट जवळपास निम्म्यावर आली. कबड्डीच्या चढाईला तीस सेकंदांची मुदत असते; आजची शिफ्ट तिच्याहून थोडीशीच मोठी. फरक इतकाच की चढाईनंतर मैदानातच उभे राहायचे असते, इथे बसायला मिळते.

या पाऊण मिनिटात शरीर ऊर्जा आणते कुठून? व्यवहार घरखर्चासारखा आहे. खिशातली रोकड म्हणजे स्नायूंत तयार असलेले क्रिएटिन फॉस्फेट. हात घातला की मिळते, पण पूर्ण जोर लावला तर दहा सेकंदांच्या आसपास खिसा रिकामा होत येतो. मग उसनवारी सुरू होते : स्नायूंत साठवलेल्या ग्लायकोजेनचे ऑक्सिजनविना विघटन. रक्कम झटपट आणि मोठी मिळते, पण आम्लता वाढते, लॅक्टेट साचते, पाय जड होतात. तिसरा मार्ग पगाराचा. हृदय, फुप्फुसे, रक्त आणि स्नायूंतली मायटोकाँड्रिया मिळून ऑक्सिजनच्या आधारे जी कमाई करतात ती सावकाश येते, पण येत राहते. आणि रिकामा खिसा भरायचा, उसने फेडायचे तर ते याच पगारातून.

शेवटचा मुद्दा प्रयोगशाळेत फार सरळ रीतीने दाखवता येतो. जोराच्या व्यायामानंतर मांडीभोवती पट्टा आवळून रक्तपुरवठा बंद केला, तर स्नायूतले क्रिएटिन फॉस्फेट भरून येतच नाही. पट्टा सोडला, ऑक्सिजन पोहोचला, की भरू लागते : अर्ध्या ते एका मिनिटात निम्मे आणि तीन-चार मिनिटांत बहुतेक सगळे. बाकड्यावरचा वेळही नेमका तेवढाच असतो. खेळाडू बसलेला दिसतो, पण त्याचे हृदय आणि फुप्फुसे त्या वेळी पुढच्या शिफ्टची तजवीज करत असतात.

स्केटिंगची ढबही या हिशेबात येते. गुडघे वाकवून, कंबर खाली घालून, मांड्या ताणलेल्या ठेवून पुढे सरकायचे असते. या खालच्या पवित्र्यात आवळलेला स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबतो, आणि नाडी १७० वर असतानाही मांडीला हवे तेवढे रक्त पोहोचत नाही. स्पीड स्केटिंग करणाऱ्यांवरच्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसले आहे. धावण्यात चांगला असलेला माणूस बर्फावर लवकर का गळतो, याचे निम्मे उत्तर इथेच आहे.

आता वादाकडे. १९७२ मध्येच व्ही. सेलिगर आणि सहकाऱ्यांनी चेकोस्लोव्हाकियाच्या राष्ट्रीय संघाची ऊर्जा मोजली आणि एक आकडा पुढे केला : ६९ टक्के ऑक्सिजनविना, ३१ टक्के ऑक्सिजनवर. हा आकडा पुढे पाठ्यपुस्तकांतून फिरत राहिला आणि ‘आइस हॉकी हा मुळात ॲनारोबिक खेळ’ असा शिक्का बसला. शिफ्टपुरते पाहिले तर शिक्का खोटा नाही. पण ६९ टक्क्यांची ही उसनवारी फेडायची कोणी आणि कधी, हे त्या आकड्यात कुठेच येत नाही.

२००७ मध्ये अमेरिकेतल्या काही संशोधकांनी सरळच प्रश्न विचारला : हॉकी खेळाडूंना एरोबिक, म्हणजे ऑक्सिजनवर चालणाऱ्या, क्षमतेची गरज आहे का? महाविद्यालयीन स्तरावरच्या ११ महिला खेळाडूंना त्यांनी रिंकभोवती पाच फेऱ्या पूर्ण वेगाने मारायला लावल्या, प्रत्येक फेरीनंतर तीस सेकंदांची उसंत. मग त्यांची व्हीओटू मॅक्स, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकते ती मर्यादा, आणि फेरीगणिक घटत जाणारा वेग यांची सांगड घातली. वेग घसरण्यातल्या फरकाचा १८ टक्क्यांहूनही कमी हिस्सा व्हीओटू मॅक्सने समजावून सांगता आला. निष्कर्ष निघाला की हॉकीपटूंसाठी एरोबिक सरावाचा एवढा आग्रह नको. कितीतरी प्रशिक्षकांनी हा निष्कर्ष आनंदाने उचलला, कारण लांब पल्ल्याचे धावणे खेळाडूंना आवडत नाही आणि ते करून घेणे प्रशिक्षकांनाही कंटाळवाणे.

पण अकराजणींवरून, त्याही एकाच स्तरावर खेळणाऱ्या आणि तयारीने एकमेकींच्या जवळपास असलेल्या, एवढी मोठी गोष्ट ठरवायची? सगळ्यांची क्षमता साधारण सारखी असली, की त्या क्षमतेचा परिणाम आकडेवारीत पुसट होतोच. शिवाय पाच फेऱ्या म्हणजे तिसरा पिरियड नव्हे. तिथवर पोहोचेपर्यंत खेळाडू पंधरा-वीस वेळा आत-बाहेर करून चुकलेला असतो.

दुसऱ्या बाजूचे पुरावेही डोळे दिपवणारे नाहीत, हेही कबूल करायला हवे. २००६ च्या एका अभ्यासात अमेरिकी विद्यापीठ संघातल्या २९ खेळाडूंच्या प्रयोगशाळेतल्या चाचण्या त्यांच्या संपूर्ण हंगामातल्या कामगिरीशी ताडून पाहिल्या. व्हीओटू मॅक्स जास्त असलेल्यांच्या वेळी संघाला गोलच्या संधी जास्त मिळाल्या, पण तिथेही हिस्सा १७ टक्क्यांच्या आसपास. २०१५ मध्ये आणखी एका गटाने आठ वेळा जोरात स्केटिंग आणि मध्ये ९० सेकंदांची विश्रांती अशी चाचणी घेतली, म्हणजे खऱ्या सामन्याच्या बरीच जवळ जाणारी. एरोबिक क्षमता जास्त असलेले खेळाडू कमी थकले. संबंध माफक, पण होता.

सतरा टक्के म्हणजे थोडे, असे म्हणणाऱ्यांनी खेळाकडे जरा नीट पाहावे. एका संघात निवडले गेलेले सगळेच निष्णात असतात. ताकद, तंत्र, डोळा, हिंमत, नशीब यांच्या गर्दीत एकट्या ऑक्सिजनच्या वाट्याला सहावा हिस्सा येत असेल, तर तो सोडून द्यायला कोणता प्रशिक्षक तयार होईल? दमसासाची बाजू घेण्याचे खरे कारण मात्र यांत्रिक आहे. इंग्लंडमधल्या लफबरोला १९९३ मध्ये गायतानोस आणि सहकाऱ्यांनी सहा-सहा सेकंदांचे दहा स्प्रिंट सायकलवर घेतले, मध्ये तीस सेकंदांची विश्रांती. पहिल्या स्प्रिंटमध्ये ऑक्सिजनविना मिळालेल्या ऊर्जेचा जवळपास निम्मा भाग ग्लायकोजेनच्या उसनवारीतून आला होता. दहाव्यात तो हिस्सा पाचव्या भागाखाली आला. तरीही शक्ती घटली ती २७ टक्केच. उसने देणारा हात आखडत गेला आणि ती उणीव पुन्हा भरलेल्या क्रिएटिन फॉस्फेटने व ऑक्सिजनने भरून काढली. म्हणजे खेळ जसजसा लांबतो तसतसा तो आपोआप एरोबिक होत जातो. दहाव्या शिफ्टचे शरीर पहिल्या शिफ्टच्या शरीरापेक्षा वेगळ्या रीतीने चालते, आणि सामने बहुधा दहाव्या शिफ्टनंतरच फिरतात.

खेळाचे नियम करणाऱ्यांनाही हे कळले होते, असे म्हणायला जागा आहे. दमलेल्या संघाने पक थेट पलीकडच्या टोकाला भिरकावून उसंत मिळवायची ही जुनी युक्ती. २००५-०६ च्या हंगामापासून एनएचएलने नियम केला : असे करणाऱ्या संघाला खेळाडू बदलता येणार नाहीत. थकलेले पाचजण तिथेच थांबतील, समोर ताजी फळी उतरेल. दंड काय, तर श्वास. दुसऱ्या पिरियडची कहाणी तशीच. संघ टोके बदलतात आणि स्वतःचे बाकडे स्वतःच्या गोलपासून लांब पडते. बचावात अडकलेल्यांना बदलीसाठी तेवढे अंतर कापता येत नाही. शिफ्ट ४५ सेकंदांवरून दीड मिनिटावर जाते, पाय शिसे होतात आणि गोल होतो. एनएचएलमध्ये दुसऱ्या पिरियडमध्ये गोल जास्त होतात, त्याचे मोठे कारण हे अंतर.

त्यामुळे शिफ्ट वेळेवर संपवणे हीच ऊर्जा वाचवण्याची सर्वांत स्वस्त युक्ती ठरते. हर्ब ब्रूक्स यांनी ती १९८० मध्ये वापरली. लेक प्लॅसिड ऑलिंपिकमधला त्यांचा अमेरिकी संघ महाविद्यालयीन पोरांचा. सोबतीला जॅक ब्लॅथरविक हे व्यायामशास्त्राचे जाणकार. चारही फळ्या खेळवायच्या, शिफ्ट आखूड ठेवायच्या, तिसऱ्या पिरियडपर्यंत पाय जिवंत ठेवायचे. २२ फेब्रुवारीला सोव्हिएत संघाविरुद्ध तिसरा पिरियड सुरू झाला तेव्हा अमेरिका २-३ ने मागे होती. मार्क जॉन्सन आणि माइक एरुझिओनी यांनी दोन गोल केले, सामना ४-३. दोन दिवसांनी फिनलंडविरुद्धही तसेच : दोन पिरियडनंतर पिछाडी, शेवटच्यात तीन गोल, सुवर्णपदक. लोकांच्या लक्षात मात्र ब्रूक्स यांची ती दुसरी गोष्ट राहिली आहे, १९७९ च्या सप्टेंबरमधली. नॉर्वेशी बरोबरी झाल्यावर त्यांनी संघाला रिंकवर थांबवून घेतले आणि दिवे मालवले तरी फेऱ्या मारायला लावल्या. चित्रपटात ते दृश्य शोभते. शरीरशास्त्राच्या दृष्टीने मात्र ती निव्वळ शिक्षा होती. आधीच रिते झालेले स्नायू आणखी पिळून दम वाढत नाही.

आकड्यांची भक्ती हे या वादाचे दुसरे टोक. एनएचएल दरवर्षी नव्या मुलांची निवड करण्याआधी एक चाचणी मेळावा भरवते. तिथे सायकलवर तीस सेकंदांची विंगेट चाचणी होते, तोंडाला मुखवटा लावून व्हीओटू मॅक्स मोजली जाते. मुले सायकलवरून उतरून बादलीत उलटी करतात आणि त्याचीही चर्चा होते. २०१४ मध्ये सॅम बेनेट नावाच्या मुलाला त्या मेळाव्यात एकही पुल-अप काढता आला नाही. वृत्तपत्रांना आठवडाभराचे खाद्य मिळाले. कॅल्गरी फ्लेम्सने तरी त्याला चौथ्या क्रमांकावर निवडले. २०२५ मध्ये फ्लॉरिडा पँथर्सने स्टॅन्ली कप जिंकला, तेव्हा बाद फेरीतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून कॉन स्माइथ करंडक मिळाला तो याच बेनेटला.

याचा अर्थ चाचण्या निरर्थक असा कोणी काढला तर तोही घाईचाच. गी लाफ्लर दोन पिरियडच्या मधल्या वेळात सिगारेट ओढत आणि तरीही आपल्या काळातले सर्वोत्तम आक्रमक होते. त्या उदाहरणावरून आजच्या मुलाला सिगारेट कोणी सुचवणार नाही. उलट टोकाला ख्रिस चेलिओस : सौनामध्ये सायकल ठेवून ती चालवणारा आणि ४८ व्या वर्षापर्यंत एनएचएलमध्ये टिकलेला बचावपटू. मधल्या काळात सगळा खेळच बदलला. माँट्रियल कॅनेडियन्स संघाच्या जुन्या नोंदी चाळून मॅकगिल विद्यापीठाच्या डेव्हिड माँटगोमेरी यांनी दाखवले की २००३ चा खेळाडू १९२०-३० च्या दशकांतल्या खेळाडूपेक्षा सरासरी १० सेंटिमीटरने उंच आणि १७ किलोने जड होता. त्याच संघाची व्हीओटू मॅक्स १९९२ मध्ये दर किलोमागे मिनिटाला ५५ मिलिलिटरच्या आसपास होती, ती २००३ पर्यंत ५९ वर गेली. शरीर जड होत असताना हा आकडा चढणे ही साधी गोष्ट नाही. क्रॉस-कंट्री स्कीइंगच्या अव्वल खेळाडूंचा तोच आकडा ८० च्या पुढे जातो, पण त्यांना कोणी कठड्यावर आपटत नाही. हॉकीपटूला तिथवर जायचे कारणच नाही. साठाच्या घरात पोहोचल्यावर आणखी पाच मिळवण्यासाठी महिनोन्‌महिने धावत बसणाऱ्याने तोच वेळ स्केटिंगच्या तुकड्या-तुकड्यांच्या सरावाला दिला तर बरे. चाळीसच्या घरात अडकलेल्याला मात्र ताकदीचे व्यायाम सांगून भागणार नाही. त्याचा खिसा बाकड्यावर भरतच नाही.

ऊर्जेचा आणखी एक साठा आहे, जो बसल्या बसल्या भरत नाही : ग्लायकोजेन. एका सामन्यात मांडीच्या स्नायूतला हा साठा निम्म्याहून अधिक उतरतो, हे ग्रीन यांनी सत्तरच्या दशकात स्नायूचे सूक्ष्म तुकडे काढून दाखवले आणि २०२० मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी अव्वल खेळाडूंवर पुन्हा पडताळले. तो भरायला खाणे लागते आणि वेळ लागतो. स्वीडनच्या वरच्या स्तरावरील खेळाडूंवर १९९६ मध्ये झालेल्या प्रयोगात, सामन्यांच्या मधल्या दिवसांत भरपूर कर्बोदके खाणारे खेळाडू इतरांपेक्षा जास्त अंतर आणि जास्त वेगाने स्केटिंग करताना दिसले. पाण्याचेही तसेच. गारठ्यात खेळणाऱ्याला घाम कसला, असे वाटेल. पण कॅनडाच्या ग्वेल्फ विद्यापीठाने निवडक तरुण खेळाडूंचा सराव मोजला तेव्हा तासाला सरासरी १.८ लिटर घाम निघाला. एवढी जाड संरक्षक वस्त्रे अंगावर असली की बर्फ फक्त पायाखाली असतो.

खाण्या-पिण्याची आणि दमाची खरी कसोटी लागते ती बाद फेरीत, जिथे बरोबरी सुटेपर्यंत वीस-वीस मिनिटांचे जादा पिरियड चालूच राहतात. १९३६ मध्ये डेट्रॉइट आणि माँट्रियल मरून्स यांच्यात सहा जादा पिरियड झाले आणि गोल एकच. ११ ऑगस्ट २०२० ला टँपा बे आणि कोलंबस यांच्यात पाच झाले. कोलंबसचा बचावपटू सेथ जोन्स त्या दिवशी ६५ मिनिटे ६ सेकंद बर्फावर होता, म्हणजे एका पूर्ण नियमित सामन्याहून जास्त वेळ. गोलरक्षक योनास कोर्पिसालोने ८५ फटके अडवले, आणि संघ हरला. नॉर्वेत २०१७ च्या मार्चमध्ये स्टोरहामार आणि स्पार्टा यांचा सामना आठव्या जादा पिरियडमध्ये, २१७ मिनिटे १४ सेकंदांनी सुटला. अशा रात्री सेलिगर यांचे ६९ टक्के कुठे उरत असतील? तिथे शेवटी पगारावर जगणे आले.

आता भारताकडे यायला हरकत नाही, कारण हा वाद इथे एका वेगळ्याच रूपात चालतो. २०२५ च्या जूनमध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐनला भारताच्या महिला संघाने आशिया चषकात कांस्यपदक मिळवले. या संघातल्या बहुतेक मुली लडाखच्या. बातम्यांमध्ये एक वाक्य हटकून आले : विरळ हवेत वाढलेल्या या मुलींची फुप्फुसे मुळातच दांडगी. कौतुक म्हणून ते गोड आहे, पण त्यात एक सोयीस्कर आळस दडलेला आहे. निसर्गानेच दम दिला असेल तर क्रीडा खात्याने आणखी काय द्यायचे?

लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. तिथे श्वासागणिक मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या सुमारे ६५ टक्के. इतक्या उंचीवर राहिल्याने शरीर जुळवून घेते, हे खरेच. पण सरावाच्या बाबतीत त्याच उंचीचा तोटा होतो. एक स्प्रिंट तिथेही तेवढाच वेगवान मारता येतो. मात्र त्यानंतर क्रिएटिन फॉस्फेट भरून यायला जास्त वेळ लागतो, दुसरा आणि तिसरा स्प्रिंट मंदावतो. स्नायूंना सामन्याचा वेग सोसायची सवयच लागत नाही. १९९७ मध्ये बेंजामिन लेव्हिन आणि जेम्स स्ट्रे-गंडरसन यांनी धावपटूंवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे : २,५०० मीटरवर राहून १,२५० मीटरवर सराव करणाऱ्यांची पाच हजार मीटरची वेळ सुधारली, उंचावर राहून तिथेच सराव करणाऱ्यांची सुधारली नाही. राहा वर, सराव खाली. लडाखच्या खेळाडूंच्या वाट्याला नेमके दुसरे येते : राहणे वर, सरावही वर. आणि नैसर्गिक बर्फावरचा तो सरावही डिसेंबर ते फेब्रुवारी एवढाच, थंडीच्या लहरीवर अवलंबून.

या संघाने पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला २०१७ मध्ये, बँकॉकला, फिलिपिन्सविरुद्ध ४-३ असा. ज्या देशांत मॉलमधल्या रिंकवर बारा महिने सराव होतो, त्यांच्याशी दोन-तीन महिन्यांचा बर्फ मिळणारे खेळाडू झुंजत आले आहेत. म्हणजे भारतीय आइस हॉकीत कमतरता फुप्फुसांची नाही आणि जिद्दीचीही नाही. कमी पडतात ते बर्फावरचे तास, आणि त्यातही कमी उंचीवरच्या बर्फावरचे.

असा बर्फ देशात आहे. देहरादूनची हिमाद्री रिंक २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधली गेली, बंदिस्त, आंतरराष्ट्रीय मापाची. शहराची उंची साडेसहाशे मीटरच्या आसपास, म्हणजे लेव्हिन यांच्या प्रयोगातल्या सरावाच्या जागेपेक्षाही खाली. स्पर्धा झाल्या आणि मग ती वर्षानुवर्षे बंद पडून राहिली. २०२५ मध्ये ती पुन्हा सुरू झाली आणि ऑगस्टमध्ये तिथे आशियाई शॉर्ट ट्रॅक स्केटिंगची स्पर्धाही भरली. स्पर्धा भरवून फोटो मिळतात. खेळाडू घडवायला मार्च ते नोव्हेंबर रोज बर्फ गोठवून ठेवावा लागतो, त्याचे वीजबिल कोणीतरी भरावे लागते, लडाखहून येणाऱ्यांची राहण्या-जेवणाची सोय करावी लागते. पुढच्या वेळी कोणी मंत्री किंवा पदाधिकारी लडाखी मुलींच्या फुप्फुसांचे गुणगान गाऊ लागला, तर वार्ताहरांनी त्याला एवढेच विचारावे : या उन्हाळ्यात हिमाद्रीच्या वेळापत्रकात या मुलींच्या नावावर किती तास आहेत?